टेबलाच्या पोटातली जागा

मिस्त्रींनी चाळीस वर्षं जादूगारांचं सामान बनवलं. बाईला करवतीने कापायची पेटी त्यांच्यासारखी कुणालाच जमत नसे. पेटीखालच्या टेबलाच्या कडा ते तिरक्या तासून काळ्या रंगवत, त्यामुळे जाडजूड टेबल प्रेक्षकांना फळीएवढं पातळ दिसे. बाई अंग चोरून त्या टेबलाच्याच पोटात झोपे.

एकदा एक जादूगार बायकोला आणि आपलं टेबल घेऊन वर्कशॉपमध्ये आला. "टेबल आणखी दोन इंच बारीक करा. टाळ्या वाढतील."

"वहिनी मावतील का?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने बाही वर केली. कोपर सोलून निघालं होतं.

मिस्त्रींचं डोकं फिरलं. "आधी तुम्ही झोपून दाखवा!" दंडाला धरून त्यांनी जादूगाराला आत झोपवलं आणि झाकण लावलं. लगेच आतून लाथा बसू लागल्या. बाहेर आला तेव्हा तो घामाने निथळत होता, तरी म्हणाला, "तिला सवय आहे."

"सवय गेली खड्ड्यात!"

मिस्त्रींनी टेबलाचा तळ उचकटला आणि दोन इंच खोल करूनच दिला. कडा आणखी तिरक्या तासल्यामुळे प्रेक्षकांना फरक कळला नाही. वहिनींना आत नीट श्वास घेता येऊ लागला. जादूगाराशी मात्र मिस्त्री पुन्हा कधीच बोलले नाहीत.