कोवळं ऊन

कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात मी नोकरीला होतो. आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर रंग दिलेले पत्रे तिरके मांडून ठेवलेले असत. ऊन खाऊन कुठला रंग किती विटतो, कुठला पापुद्रा आधी सुटतो, हे पाहणं माझं काम. म्हणजे ऊन काय करू शकतं हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. पत्र्यांबद्दल ठाऊक होतं.

डोंबिवलीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: आई, मी आणि बायको. नव्वद साल उजाडायच्या आसपास बायकोची बोटं दुखू लागली. सकाळी मूठ वळायची नाही. कणीक मळायला बसली की परात पुढ्यात तशीच ठेवून ती बोटांकडे बघत राहायची.

"वात आहे," आई म्हणाली. "तेल लाव आणि कोवळ्या उन्हात बस. बाळाला मानवतं, म्हाताऱ्याला मानवतं, तुला नाही मानवणार?"

माझी दुसरी पाळी असे, त्यामुळे सकाळ मोकळी. चहा झाला की मी घडीची खुर्ची उचलून गच्चीवर न्यायचो, तिला पूर्वेकडे तोंड करून बसवायचो आणि तिच्या मनगटांना तिळाचं तेल चोळायचो. त्या सकाळी मला फार आवडत. आईदेखत बायकोशेजारी बसायचीही आमच्याकडे पद्धत नव्हती. चारचौघांत तिचा हात हातात घ्यायची मुभा मला त्या तेलाने दिली.

शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला वर येत. "काय गं, पापड घालायचे सोडून स्वतःच वाळत बसलीस?"

"काय करू काकू, ह्यांना कंपनीत पत्रे उन्हात मांडायची सवय. घरीही एक पत्रा लागतो."

थोड्याच दिवसांत तिच्या दोन्ही गालांवर, नाकावरून सलग, लाली आली. आईला कोण आनंद झाला. "बघ, मानवलं!" काकूंनी तर विचारलंच, "गोड बातमी आहे की काय?" सगळे हसले. तीही हसली. संध्याकाळी मी कामावर असताना तिच्या अंगात कणकण यायची, हे तिने मला रविवारी सांगितलं.

"अहो, गच्चीतून खाली आलं की गळून जायला होतं."

"अगं, सवय होईपर्यंत वाटतं तसं," मी म्हणालो.

शेवटी ठाण्याला नौपाड्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटांआधी गालांकडे पाहिलं. रक्त तपासायला मुंबईला पाठवलं आणि आठवड्यानंतर आजाराचं नाव सांगितलं: ल्युपस. गोळ्या दिल्या. निघताना तिला बजावलं, "उन्हात जायचं नाही बरं का. अजिबात नाही." आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. स्टेशनकडे जाताना मी तिच्यासाठी काळी छत्री घेतली. दुपारचा बाजार तिला बंद केला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खुर्ची घेऊन गच्चीवर गेलो.

हे कुणाला खरं वाटणार नाही. पण आमच्या घरात ऊन म्हणजे चटका देणारं, दुपारचं. त्यात जाऊ नये हे आम्हाला डॉक्टरांनी सांगायलाही नको होतं. सकाळचं कोवळं ऊन हे ऊन नव्हतंच, ते औषध होतं. डॉक्टर मराठीत बोलले, आम्ही मराठीतच ऐकलं, आणि तरी असं झालं. तो सगळा हिवाळा मी तिला वर नेत राहिलो. मधूनच ती म्हणायची, "आज राहू द्या ना." लहान मुलाला समजवावं तसं मी तिला समजवायचो. आणि ती उठायची.

उन्हाळा लागला तेव्हा तिचे पाय सुजले. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली होती. डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात जात नाही ना?"

"छे! फक्त सकाळचं कोवळं ऊन घेते," मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो.

मग त्यांनी, अजिबात न रागावता, समजावलं. उन्हाने कातडीच्या पेशींवर ताण येतो. काही पेशी त्या ताणाने मरतात आणि मरताना, एरवी पोटात लपलेलं असतं ते बाहेर मांडतात. निरोगी माणसात ते गुपचूप साफ होतं. हिच्यात ते साचतं आणि रक्षण करणाऱ्या पेशींना वाटतं, कुणी परका घुसला. त्या बिथरतात. एकदा बिथरल्या की कातडीवर थांबत नाहीत. सांध्यांत जातात, किडनीत जातात. आपलंच आपल्याला ओळखू येईनासं होतं.

"म्हणजे मी केलं हे?"

"तसंही झालं असतं कदाचित. या आजारात सांगता येत नाही."

तो 'कदाचित' त्यांनी दयेपोटी दिला होता. मला तो आजवर पेललेला नाही. केलंस, असं म्हणाले असते तर निदान पायाखाली काही टणक लागलं असतं.

त्यानंतर मी उलट्या टोकाला गेलो. खिडक्यांना जाड पडदे लावले. गच्ची बंद, गॅलरी बंद. गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला होता, आणि त्या अंधारात ती दिवसभर पलंगावर बसून असायची. एकदा पडद्याची फट मी पिनेने बंद करत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आधी उन्हात बसवलंत. आता अंधारात बसवलंय. मला कधी विचारलंत?" आवाजात भांडण नव्हतं. मी पीन लावून घेतली.

पुढच्या थंडीत तिची किडनी थांबली. ठाण्याच्या हॉस्पिटलात तिला खिडकीशेजारची खाट मिळाली होती. आता वाचवण्यासारखं काही उरलं नाही, हे मला आदल्या दिवशी सांगून झालं होतं. सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि तिच्या पावलांवर पडलं.

"अहो," ती म्हणाली, "कोवळंच आहे. असू द्या थोडं."

मला सगळं कळत होतं. त्या उन्हाने आता काही बिघडणार नव्हतं. तरी मी उठलो आणि पडदा ओढला.

तिने पाय उचलून पांघरुणात घेतले.