माझ्या वाटची गोळी

बोईसरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा आमच्या घरात दोघी आजारी होत्या. एक मी आणि दुसरी आमची मांजर. मी सुजत चालले होते, ती वाळत चालली होती. मला थायरॉइड. सकाळी उठल्याउठल्या अनशापोटी गोळी घ्यायची आणि मग दिवसभर अंग ओढत कामं उरकायची. नवरा म्हणायचा, "झोपेत चालतेस की काय?" मला उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा.

मांजर माझ्या लग्नाइतकीच जुनी, बारा वर्षांची. म्हातारपणी तिला भस्म्या झाला. दूधभात, मासळीची डोकी, शिळ्या पोळीचा तुकडा, काहीही चालायचं. तरी पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागायचा. दुपारी मी जरा आडवी झाले की उशाशी येऊन केकाटायची. चिडून दोन-चारदा धपाटेही घातले मी तिला.

सातपाटीहून मासळी घेऊन येणारी बाई पाटी उतरवताना एकदा म्हणाली, "बाय, हिला कायतरी हाय. एवडं खाते तां जाते कुटं?"

मी म्हटलं, खातेय ना, मग काय धाड भरलीय तिला? आमच्याकडे आजारी म्हणजे ज्याला अन्न जात नाही तो. या समजुतीपायी दोन महिने गेले.

शेवटी पिशवीत घालून तिला एसटीने पालघरला नेलं, गुरांच्या डॉक्टरांकडे. तिथे आमच्या पुढे एक म्हैस होती. डॉक्टरांनी मांजरीचा गळा चाचपला. तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली. म्हणाले, "माणूस असतं तर थायरॉइड म्हटलं असतं. मांजराचं मला नक्की सांगता येणार नाही. मुंबईला दाखवा."

मुंबई कुठली? मला घराच्या चार पायऱ्या चढताना धाप लागत होती. त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द मी घरी घेऊन आले. थायरॉइड. त्याची गोळी तर आमच्या फडताळातच होती.

"आधी कुणाला तरी विचार," नवरा म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय? रोज गोळी कोण घेतं?"

ब्लेडने गोळी कापायची, पाऊण मला, पाव तिला. बोंबलाच्या तुकड्यात दाबून दिली की ती मुकाट्याने खायची आणि माझं बोट चाटायची. मी जास्तच थकत होते, पण खरं सांगते, त्या थकव्याचं मला बरं वाटायचं. आपल्यातलं काढून कुणाला तरी देतोय असं वाटायचं. तिची छाती मात्र हाताखाली शिलाई मशीनसारखी धडधडायची. गोळी कमी पडतेय असं समजून मी पावऐवजी अर्धी द्यायला लागले.

एका सकाळी ताटली चाटूनपुसून ती दाराशी गेली, तिथेच आडवी झाली आणि गेली.

पुढे तपासणीला गेले तेव्हा माझ्या डॉक्टरांनी विचारलं, रिपोर्ट एवढा बिघडला कसा? मी सगळं सांगितलं.

"बाई, तुमची ग्रंथी कमी काम करते, म्हणून गोळीने भर घालायची. तिची जास्त करत असणार. तुमची गोळी तिला म्हणजे..." मला कळलं.

ही गोळी जन्मभर घ्यायची असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अजून रोज सकाळी घेते. आता अख्खी घेते.