काहिलीपाशी अक्का

‘अजून न्हाई. थांबा जरा,’ असं म्हणत ती उजवा हात वर करायची आणि हवेत काहीतरी हुंगायची. समोर चहाचं पातेलं असो, गुळाची काहील असो की घाईला आलेला मी असो, हात तसाच वर व्हायचा. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्यानं मान हलवल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. माझ्या गुऱ्हाळावर ते माणूस म्हणजे अक्का. तिचं खरं नाव सांगत नाही. न विचारता नाव छापलं म्हणून ती मला चारचौघांत झापेल.

केडगावच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं गुऱ्हाळ आहे. अक्काचं माहेर नदीपलीकडचं, मांडवगण फराट्याचं. सासर आमच्या वस्तीला लागून. आठ वर्षं ती माझ्याकडे चिपाडावर होती. रस काढून उरलेलं उसाचं चिपाड उन्हात पसरायचं, वाळलं की पाटीत भरून जाळायला चुलवाणापाशी आणून टाकायचं. हे काम बायांचं. काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, उभं राहून रसाचा गूळ कधी झाला ते ठरवायचं, हे काम गुळव्याचं, आणि गुळव्या पुरुषच. बाईचा हात काहिलीला लागला की गूळ चिकट होतो, असं माझे वडील म्हणायचे. मीही म्हणायचो. का होतो, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

आमचे गुळव्या आप्पा. काय गूळ निघायचा त्यांच्या हातचा! पिवळाधमक, कणीदार. दौंडच्या बाजारात मी कॉलर ताठ करून फिरायचो. पाक बेताचा झाला की आप्पा ‘उतरवा!’ अशी आरोळी ठोकायचे आणि माणसं धावायची. त्याच्या क्षणभर आधी अंगणात अक्का चिपाड पसरायचं दाताळं दगडावर दोनदा आपटायची. मला वाटायचं, दातांत अडकलेलं चिपाड झाडतेय. दोन हंगाम मी तो आवाज ऐकला आणि मला काही म्हणून कळलं नाही. वर मी स्वतःला हुशार मालक समजतो.

मग अक्का भाचीच्या लग्नाला चार दिवस माहेरी गेली आणि गूळ बिघडला. पहिल्या दिवशी चिकट. दुसऱ्या दिवशी इतका मऊ की ढेप धरेना. मी चुना बदलला. रस निवळायला भेंडी घालतात, ती बदलली. ऊसवाल्याशी भांडलो. शेवटी दाराला लिंबू-मिरची टांगली. पाचव्या दिवशी अक्का परत आली आणि गूळ पुन्हा पहिल्यासारखा कणीदार उतरला. मी दाराकडे पाहून लिंबाला मनापासून हात जोडले.

तेव्हा आप्पा माझ्याजवळ येऊन खाली बसले.

‘मालक, त्ये लिंबू काढा. गूळ माझा न्हाई. अक्काचा हाय.’

‘म्हणजे?’

‘डोळ्यात मोतीबिंदू हाय माझ्या. दोन वर्सं झाली, पाक दिसत न्हाई. ती पाटी टाकायला येती तवा वास घेऊन जाती. दाताळं वाजलं की म्या वरडतो. काम जाईल म्हणून बोललो न्हाई.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांच्या डोळ्यांचं आधी पाहिलं, ऑपरेशन झालं. पण पुन्हा आगीपाशी उभं राहायला त्यांनीच नको म्हटलं. मी अक्काला बोलावलं आणि आपण फार उदार आहोत अशा थाटात म्हणालो, ‘एखादा नवा माणूस उभा करतो नावाला. तुम्ही मागून सांगत राहा.’

तिचा हात वर झाला.

‘दोन वर्सं मागनं सांगितलं. आता म्होरं उभं राहून सांगणार. आन् हजेरीचा पैका आप्पाला व्हता तेवढाच.’

‘बरं.’

‘आन् बायांसाठी संडास. आतनं कडी असलेला. गुळव्यानं आडोशाला उसात जायचं का?’

मी हो म्हणालो. हो म्हणणं सोपं होतं, पुढचं अवघड निघालं.

जाळ घालायला माझ्याकडे उत्तर प्रदेशातला एक भैया होता. कामाला वाघ, पण अक्का काहिलीपाशी उभी राहिल्यापासून त्याला कमी ऐकू यायला लागलं. पाक होत आला की जाळ चुलवाणाबाहेर ओढून आग कमी करावी लागते. ती म्हणायची, ‘जाळ वढ.’ तो माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, ‘जाळ ओढ.’ मग तो ओढायचा. मला वाटायचं, मी तिला मदत करतोय. तिसऱ्या दिवशी तिनं मला उसाच्या मोळीमागं गाठलं.

‘मालक, तुमी परत सांगता ना, म्हणून त्यो माझं ऐकत न्हाई. उद्या गप बसा.’

‘आणि काहील जळली तर?’

‘जळंल. एकच जळंल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक भरात आला. ‘जाळ वढ!’ अक्का ओरडली. भैयानं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल काढून उगाच त्यात डोकं घातलं. ‘वढ म्हणते ना!’ भैया म्हणाला, ‘मालिक?’ मी पाठ फिरवली. पाठीमागं पाकाची फसफस जड होत चालली, करपट वास आला. एका अख्ख्या काहिलीचा रस होता हो! माझी जीभ वळवळत होती. ती मी दातांत धरली. चिपाडावरच्या बाया काम टाकून उभ्या राहिल्या होत्या. अक्का मात्र तिसऱ्यांदा ओरडली नाही. मी हळूच मागं वळून पाहिलं, तर काहिलीपाशी उभी राहून ती सरळ भैयाकडे बघत होती.

आणि भैयानं जाळ ओढला.

‘उतरवा!’ म्हणून तिनं अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला वळून बघायला लागला. गूळ काळपट निघाला. नव्या गुळव्यानं स्वतःच्या हुकमावर उतरवलेली पहिली ढेप मानानं त्यालाच द्यायची आमची रीत आहे. मी तीच काळपट ढेप तिच्या हातात दिली. तिनं ती दगडावर फोडली आणि चिपाडावरच्या एकेका बाईच्या हातावर खडा ठेवला. शेवटचा भैयाला दिला. बाया गूळ खात एवढ्या हसत होत्या की मलाही हसू आवरेना. इतका चविष्ट काळा गूळ मी आजवर खाल्लेला नाही.

त्यानंतर चार हंगाम अक्कानं गुऱ्हाळ चालवलं. मी नुसता मालक होतो. दोघी बायांना तिनं पाक ओळखायला शिकवलं. दाराला कडी असलेला संडास बघायला शेजारपाजारच्या गुऱ्हाळांवरच्या बाया आल्या आणि जाऊन आपापल्या मालकांना भंडावून सोडलं. त्या मालकांनी मला घातलेल्या शिव्या अजून माझ्या कानात आहेत.

यंदा ती नाही. मांडवगणच्या बायांनी मिळून स्वतःचं गुऱ्हाळ काढलं आणि तिला नेलं. निरोप देताना मी चांगलं बोलायचं ठरवलं होतं, पण उपरण्यानं डोळेच पुसत बसलो. ‘रडू नगा, मालक. दोघी शिकलेल्या हायेत तुमच्याकडं,’ ती म्हणाली आणि फटफटीवर पोराच्या मागं बसून निघून गेली. तिची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू?

हंगाम तोंडावर आला म्हणून मी भैयाला त्याच्या गावी फोन लावला. म्हटलं, कधी निघतोस? तो आधी घुटमळला. मग म्हणाला, ‘मालिक, इस साल नदी के उस पार जा रहा हूँ।’

‘का रे? तिकडे हजेरी जास्त देतात का?’

‘नहीं मालिक,’ तो म्हणाला. ‘उधर उस्ताद है।’