सुलभाच्या वाट्याचा बांध

लखनौच्या अमीनाबाद बाजारात गमछे निवडत होते, तेवढ्यात सुलभाच्या मुलाचा, निखिलचा फोन आला. "आंटी, मम्मा नहीं रहीं..." गमछे तिच्यासाठीच होते. दिवाळीनंतर ती दरवर्षीसारखी ते घेऊन कोकणात, तिच्या बेटावर जाणार होती. तरी मी ते घेतलेच.

सुलभा गोमती नगरातली माझी शेजारीण, कॉलेजात भूगोल शिकवायची. जन्म मात्र कोकणातल्या खाडीमधल्या एका चिमुकल्या बेटावरचा. नदीनं गाळ आणून टाकला, त्यावर तिवरं माजली, मग तिच्या पूर्वजांनी भोवती मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलं आणि आत भात पिकवला. "आमच्याकडे राजा आला नाही, किल्ला झाला नाही," ती ठणकावून सांगायची, "बांध झाला! किल्ले पडले, आम्ही आहोत." एकदा हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं, मूठभर माणसांसाठी एवढा अट्टाहास कशाला, किनाऱ्यावर राहायला जावं की. बाई उसळलीच. "तुमच्या सोसायटीच्या तळघरात दर पावसाळ्यात पाणी शिरतं. सोडलीत का सोसायटी?" मला हसू आवरेना.

त्या बेटावर प्रत्येक घराचा बांधाचा तुकडा ठरलेला. पाऊस संपला की घरटी एकानं तरी येऊन आपल्या तुकड्याला हातानं माती लावायची. कुणीच आलं नाही, तर 'घर मिटलं' म्हणतात आणि तो तुकडा शेजारी वाटून घेतात. तिचा भाऊ वारल्यापासून सुलभा एकटी जायची, गुडघे दुखत असताना, निखिलशी भांडून. "मम्मा, वहाँ बचा क्या है?" तो विचारायचा. "मी!" ती म्हणायची.

तेरावं झालं आणि बेटावरून, तिच्या शेजारच्या घरातल्या वसंतदादांचा निखिलला फोन आला. "सुलूबायच्या वाटणेचो बांध आम्ही घालू. तुम्ही काळजी करू नकात." निखिल सुटल्यासारखा म्हणाला, "अच्छा है, वो लोग देख लेंगे."

माझं डोकं फिरलं. "भल्या मनानं बोलले ते. पण याचा अर्थ तुझ्या आईचं घर मिटलं. ती गेली म्हणून ते मी मिटू देणार नाही. तू येत नसशील तर मी जाते!" माझा त्या मातीशी काय संबंध, हे त्यानं विचारलं नाही. दोन तिकिटं काढली.

गेल्या आठवड्यात आम्ही बांधावर होतो. निखिलनं लावलेली माती घसरून पडे, दादा थापटायला शिकवत. दुपारी भरती चढली आणि त्याच्याच तुकड्यातून पाणी झिरपायला लागलं... दादा फावडं घेऊन धावले. त्याआधीच हा पोरगा पँटसकट चिखलात बसला, दोन्ही तळवे भोकावर दाबून ओरडला, "आंटी, मिट्टी लाओ, जल्दी! हमारा बांध है!"