उन्हातले सेल

टीव्हीचा रिमोट चालेना, म्हणून आज जुन्या सवयीने त्याचे सेल काढून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवले. ठेवता ठेवता नव्वदच्या दशकातली नेरूळची ती दुपार तरंगत वर आली.

लग्न होऊन मी तिथे नवीनच आले होते. त्या रविवारी सकाळपासून वीज नव्हती. हे ड्युटीवर, घरात मी आणि मामंजी. ते कमीच बोलत. दिवसभर बोलायचा तो त्यांचा रेडिओ. सकाळी भावगीतं झाली, आमटीला फोडणी पडेपर्यंत विनोदी श्रुतिका लागली, आणि तिच्या शेवटाला रेडिओचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा खोल गेला. पुढे क्रिकेटची कॉमेंट्री होती. मामंजींनी सेल काढून कठड्यावर मांडले. "तापले की चालतील."

घर गप्प झालं. खाडीच्या वाऱ्यावर सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या सुकत्या बोंबलांचा वास येत होता. मी लसूण सोलत बसले. एकाएकी मामंजींनी श्रुतिकेतल्या हट्टी सासऱ्याची नक्कल केली आणि मला हसू आवरेना. मग त्यांच्या गावच्या गोष्टी निघाल्या, माझ्या माहेरच्या निघाल्या.

"मॅच सुरू झाली असेल," मी म्हटलं.

त्यांनी सेलला बोट लावून पाहिलं. "गारच आहेत गं. राहू दे जरा."

ऊन भिंतीवर चढेपर्यंत आम्ही बोलत राहिलो. तेव्हा वाटलं, वयामुळे त्यांच्या बोटांना कळत नसेल.

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. मघाशी कठड्यावरचा सेल उचलला, तर चांगलाच चटका बसला.