उभ्या गाड्यांचे चाचा

आख्ख्या पनवेलमध्ये सर्वांत जास्त मोटारी चालवणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या चाचांकडे बोट दाखवीन. आणि ज्याच्या नावावर साधी स्कूटरसुद्धा नाही असा माणूस कोण, असं विचारलं तरी माझं बोट तिथून हलणार नाही. सोमवारी पांढरी, मंगळवारी लाल, बुधवारी चंदेरी, अशा गाड्यांतून ते रोज सकाळी हिंडत आणि त्या सगळ्या दुसऱ्यांच्या असत. आमच्या भागातली निम्मी घरं आखाती पगारावर उभी राहिलेली. तिकडची माणसं महिनाभराच्या सुट्टीवर येत, हौसेनं गाडी घेत, बायकामुलांना महाबळेश्वर दाखवत आणि गाडीवर कव्हर चढवून अकरा महिन्यांसाठी विमानात बसत. पुढच्या सुट्टीत किल्ली फिरवली की आतून नुसतं ‘टक्’ होई. चाचांनी स्वतः कुवेतच्या एका गॅरेजात बावीस वर्षं काढलेली. कायमचे घरी परतल्यावर त्यांनी हे ‘टक्’ ऐकलं आणि शेजारी कुणी उपाशी झोपतंय हे कळल्यावर भल्या माणसाला जसं व्हावं तसं त्यांना झालं. तेव्हापासून गल्फला निघालेला माणूस आईबापांच्या पाया पडून झालं, की शेवटी चाचांकडे किल्ली देऊन जायचा.

उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते, हे लोकांना पटत नसे. “वापरलीच नाही तर संपेल कशी?” असं कुणी म्हणालं की चाचा त्याला हाताला धरून पायरीवर बसवत. गाडीतलं घड्याळ चालू असतं, अलार्म जागा असतो, हे सांगून झाल्यावर म्हणत, “तुमी झोपलात म्हणून भूक लागायची थांबते काय?” त्यातही गाडी जागच्या जागी दोन मिनिटं सुरू करून बंद करणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. “सुरू करतानाच सगळ्यात जास्त जान जाते. दोन मिनटांत बंद केलीत तर घेतलंत जास्त, दिलंत कमी. त्यापेक्षा हात लावू नका.” आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर रविवारी एसी आणि गाणी लावून गाडीत बरोबर दोन मिनिटं बसत. चाचांनी त्यांचा सलाम महिनाभर घेतला नाही. चाचांच्या हिशेबी प्रत्येक गाडीला आठवड्यातून निदान वीस मिनिटांची चाल हवी. लहान पेट्रोल गाडी असली तर रोडपालीपर्यंत जाऊन परत, डिझेल असली तर तळोज्यापर्यंत. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी धरली की घरातून खायचा सोडा आणि गरम पाणी आणून ते ती धूत आणि मग बोटानं व्हॅसलीन लावत. कव्हरला ते कफन म्हणत आणि दिसलं की ओढून काढत.

या उद्योगात त्यांची कीर्ती जरा वेडीवाकडी पसरली. एका सकाळी कळंबोलीच्या चौकात एकाच हवालदारानं त्यांना तीन वेगवेगळ्या गाड्यांत पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, “चाचा, शोरूम हाय का तुमचा?” चाचांनी त्याला बॅटरी का उतरते ते इतकं मन लावून समजावलं, की तोवर चौकातली वाहनं आपापल्या मर्जीनं जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी तो हवालदार गावी उभ्या असलेल्या आपल्या मोटरसायकलचा सल्ला विचारायला घरी हजर. चाचांच्या धाकट्या मुलीला उरणहून स्थळ आलं, तेही सात गाड्यांची बातमी ऐकूनच. पाहुणे बसलेले असताना चाचांनी भिंतीवरच्या सातही किल्ल्या कुणाकुणाच्या आहेत ते सांगून टाकलं. मुलाचा बाप गंभीर झाला. किल्ल्या एकदा मोजून म्हणाला, “लोक सात-सात गाड्या तुमच्यावर टाकून जातात, तर मुलगी आमी डोळे झाकून घेतो.” लग्न ठरलं. बिर्याणी मीही खाल्ली, आणि नको नको म्हणत तीनदा वाढून घेतली.

पण इथवरचं सगळं मी मजेनं सांगतोय ते चाचा नुसते शेजारी होते तेव्हाचं. माझे वडील गेले आणि त्यांची निळी गाडी खाली तशीच उभी राहिली. आईबाबांचं सगळं जाणंयेणं त्या गाडीतून. भाजीलासुद्धा दोघं मिळून जात. बाबा गेल्यावर आईनं जिना उतरणंच बंद केलं. भाजी फोनवरून, औषधं फोनवरून, माणसंही फोनवरूनच. चार महिने ती तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून होती. तिला हलवायचं कसं हे मला कळत नव्हतं आणि मी तिच्यासमोर गेलो की उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायचो. मला मोटार येत नाही. दोनदा शिकायला गेलो आणि दोन्ही वेळा शिकवणाऱ्याचाच धीर सुटला. म्हणून मी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, मी किल्ली मागितली, आणि आई इतकंच म्हणाली, “त्यांच्या सीटवर कुणी बसायचं नाही.” गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं.

हे चाचांच्या कानावर गेलं. ते तीन जिने चढून वर आले, दारातच उभे राहिले. “भाभी, गाडी विकू नका. मी बी सीटवर बसत नाय, दुसरा बी कोणी बसणार नाय. पण बॅटरी पार उतरली हाय, केबल लावून सुरू करायला लागेल, आणि किल्ली फिरवायला माणूस पायजे. तुमी बसा. मी बाहेर उभा राहतो.” आई चाचांना भाई म्हणत असे, आणि भावाला नाही म्हणणं तिला कधी जमलेलं नाही. ती उतरली. बाबा उंच, त्यांची सीट पार मागे सरकवलेली. आईचे पाय पेडलला पोचेनात. सीट पुढे घ्यायला ती तयार नव्हती. चाचा घरी जाऊन एक जाड उशी घेऊन आले आणि तिच्या पाठीशी दिली. शेजारच्या गाडीवरून केबल जोडली आणि म्हणाले, “फिरवा.” निळी गाडी घरघरली, थरथरली आणि सुरू झाली. आई आत बसून रडत होती. चाचा पाठमोरे उभे राहून पेपर वाचत होते, आणि तो त्यांनी उलटा धरला होता हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग दर गुरुवारी आई वीस मिनिटं त्या गाडीत बसू लागली. दीड महिन्यानं चाचांनी जाहीर केलं, की नुसतं इंजिन चालून भागत नाही, चाकं फिरली नाहीत तर टायर एका जागी चपटे होतात. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “हे खरं का?” ते म्हणाले, “खोटं नाय. थोडं लवकर सांगितलं, एवढंच.” आई आधी गाडी दोन हात पुढे-मागे करायला शिकली, मग रीतसर मोटार शाळेत गेली, आणि छप्पन्नाव्या वर्षी तिनं लायसन्स काढलं. ते हातात आलं त्या दिवशी तिनं स्वतःच सीट पुढे ओढली आणि उशी धुऊन, वाळवून चाचांना परत दिली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तर भिंतीवरच्या किल्ल्यांपैकी निम्म्या तिच्या वाट्याला आल्या. चाचांची नजर अधू होत चालली होती. आई चालवायची, ते शेजारी बसायचे आणि सेल्फच्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, “हिला अजून पाच मिनटं घुमवा, भाभी.” माझी आई मला परत आणून देणारा हा माणूस. मी त्यांना कधी साधं थँक्यू म्हटलं नाही, याची मला आज लाज वाटते.

शेवटी डोळ्यांनी अगदीच दगा दिला तेव्हा उरणला दिलेली त्यांची मुलगी त्यांना न्यायला येणार होती. आई म्हणाली, “भाईंना मी सोडणार.” पेटी डिकीत गेली आणि मी मागच्या सीटवर बसलो. इतक्या लांब ती कधी गेली नव्हती, आणि तो रस्ता म्हणजे बंदराच्या कंटेनरांचा. चाचा पुढून म्हणाले, “तू उतर, बेटा.”

“चाचा, येताना ती एकटी पडेल.”

“म्हणूनच उतर.”

मी उतरलो. सकाळी नऊला गेलेली आई दोन वाजले तरी आली नाही. फोन वाजत होता, पण गाडी चालवताना उचलायचा नाही हीसुद्धा चाचांचीच शिकवण. मी फाटकापाशी येरझाऱ्या घालत होतो, आणि गाडी विकली असती तर बरं झालं असतं असंही एकदा मनात येऊन गेलं. अडीचला निळी गाडी वळणावर दिसली. आईनं ती सावकाश जागेवर लावली. तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा मात्र मोकळा होता.

“भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“वाटली ना. द्रोणागिरीपासून दोन्ही बाजूंना ट्रेलर. भाईंनी निघताना सांगितलं होतं, घाबरलात तर काचा वर करा आणि मोठ्यानं बोला, बाहेर कुणाला ऐकू जात नाही.”

“मग काय बोललीस?”

“तुझ्या बाबांना सगळं सांगत आले. किती वर्षांचं राहिलं होतं.” तिनं पट्टा काढला. “पनवेल आलं तरी संपलं नव्हतं रे. म्हणून पुढे पळस्प्यापर्यंत जाऊन आले.”