फक्कीच्या रेघेवरचा यंत्रमानव

भोर तालुक्यात यंत्राला दृष्टी प्राप्त झाली ती आम्हा दोघांच्या हातून, असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. कोणी हरकत घेतलेली नाही. हरकत घ्यायला दुसरा दावेदार लागतो, आणि त्या काळी आमच्याकडे यंत्राला दिसावं अशी कोणाची मागणीच नव्हती. पिठाची गिरणी न बघता उत्तम चालत होती.

आम्ही तेव्हा जुन्या अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या बाकावरचा मित्र. तो मूळचा मार्गासनीचा. वडील भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक, म्हणून तो त्यांच्याजवळ भोरमध्ये राहायचा. शाळेत विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि आमच्या विज्ञानाच्या सरांनी ठरवलं होतं की या वर्षी ज्वालामुखी नको. दरवर्षी तीन तरी ज्वालामुखी असत, आणि पाहुणे आले की एकही पेटत नसे.

सरांच्या मते आम्ही करत होतो तो यंत्रमानव. पुठ्ठ्यावर तसं ठळक लिहिलंही होतं. प्रत्यक्षात ती तीन चाकांची फळी होती. मागच्या दोन चाकांना खेळण्यातल्या दोन मोटरी, पुढचं चाक मोकळं. पुढे खाली तोंड करून दोन डोळे: सरांनी पुण्याच्या रेडिओबाजारातून आणलेले शेंगदाण्याएवढे तुकडे, उजेड पडला की वीज जाऊ देणारे, अंधारात अडवणारे. मध्ये बॅटरीतला छोटा बल्ब. शाळेच्या हॉलची जमीन शेणाने सारवलेली, म्हणजे काळपट. तिच्यावर फक्कीची पांढरी रेघ मारायची आणि गाडीने ती बघत बघत जायचं.

आज ज्याला प्रोग्रॅम म्हणतात तो आम्ही वहीत मराठीत लिहिला होता. डाव्या डोळ्याला पांढरं दिसलं तर डावं चाक थांबावं, उजव्याला दिसलं तर उजवं. रेघ दोन डोळ्यांच्या मधून जाते. ती डावीकडे वळली की डाव्या डोळ्याखाली येते, डावं चाक थांबतं, गाडी डावीकडे वळते. वहीत ते इतकं सोपं होतं की सरांनी दुसऱ्यांदा वाचलंच नाही. पण गाडीला वही वाचता येत नव्हती. तिला जे सांगायचं ते तारा जोडूनच सांगायला लागे, आणि तारा फळीच्या पोटाखाली होत्या.

गोंधळ इथून सुरू झाला. तारांना कथिलाचा डाग मारायला गाडी उलटी करायची, म्हणजे डावं उजवीकडे जातं. मित्र माझ्या समोर बसायचा, म्हणजे माझं डावं त्याच्या उजवीकडे. मग आम्ही गाडीचं डावं धरायचं ठरवलं, पण उलट्या पडलेल्या गाडीचं डावं म्हणजे ती सुलट असतानाचं की आत्ताचं, यावर आमचं दोन दिवस एकमत झालं नाही.

"एसटीत बसल्यावर ड्रायव्हर कुठल्या हाताला?" तो विचारायचा.

"उजव्या."

"मग उलटी पडली तर?"

"उलटी पडली तर ड्रायव्हरच कुठला लेका?"

यावर त्याचं म्हणणं असं की त्याचे वडील रोज गाडीखाली उताणे पडतात आणि त्यांना डावं-उजवं कळतं. मी म्हटलं, मग त्यांनाच विचार. ते तो विचारणार नव्हता. कारण मला माहीत होतं. त्याला मॅट्रिकनंतर पुण्याला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला जायचं होतं आणि वडिलांच्या डोक्यात डेपोची नोकरी होती. बरीच रदबदली झाल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "तुजं ते यंत्र चालवून दाव. चाललं तर फॉर्मवर सही करीन. न्हाई चाललं तर पाना हातात घ्यायचा." आता त्यांनाच जाऊन डावं कुठलं ते विचारणं म्हणजे सही मागायच्या आधीच पाना हातात घेणं.

त्यात सारवण. सकाळी जमीन ओली आणि काळी असायची, दुपारपर्यंत वाळून फिकी पडायची, आणि फिक्या जमिनीला गाडी रेघ समजायची. एकदा ती हॉलच्या मध्यावर जाऊन दोन्ही चाकं थांबवून उभी राहिली. सगळीकडे पांढरंच दिसतंय तर जायचं कुठं, असा तिचा प्रश्न असावा. मला तो रास्त वाटला. नंतर डोळ्यांजवळचा स्क्रू पिळून तिची नजर थोडी अधू केली तेव्हा ती हलली.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ती एका वळणावर बरोबर वळली आणि दुसऱ्यावर चुकली. तारा उलट्या आहेत की नजर जास्त अधू झाली, ते कळेना. शाळा सुटली तेव्हा प्रश्न तसाच होता. सकाळी मी लवकर आलो, नीट विचार केला आणि दोन तारांची अदलाबदल करून टाकली. मित्राला सांगायचं राहिलं.

फक्की आम्हाला शाळेच्या शिपाईमामांनी दिली होती. कोणी मोठा पाहुणा यायचा असला की फाटकापासून खुर्चीपर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना फक्कीच्या रेघा मारायच्या हे त्यांचं काम, आणि सुतळी न लावता ते अशी रेघ मारत की ड्रॉइंगच्या सरांनाही जमली नसती. आम्ही हॉलमध्ये आमची रेघ मारून ठेवली होती: आमच्या टेबलापासून एक डावं वळण, मग एक उजवं. प्रार्थनेहून परत येतो तर वळणं गायब. आमच्या टेबलापासून पाहुण्यांच्या खुर्चीपर्यंत एकच रेघ, सुतासारखी.

"मामा, हितली वळणं कुठं गेली?" मित्राने विचारलं.

"म्याच पुसली," मामा म्हणाले. "येवढं पाव्हणं यायचं आन् जिमिनीवर ही सापाची वळवळ? तुमी पोरं घाईत मारता, हात हलतो. दिली सरळ करून. आभार मानू नका."

मानायचं आमच्या मनातही नव्हतं. पण तेवढ्यात बाहेर लेझीम सुरू झालं आणि पाहुणे आत आले.

पाहुण्यांनी पुठ्ठा मोठ्याने वाचला आणि यंत्रातला मानव कुठे आहे म्हणून विचारलं. सर म्हणाले, तो कल्पनेत आहे. पाहुण्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि खुर्चीत बसले. मित्राने बटण दाबलं. गाडी रेघेवरून निघाली, पंधरा फूट सरळ गेली आणि पाहुण्यांच्या पंपशूला टेकून थांबली. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की हे यंत्र आखून दिलेल्या सरळ मार्गाने चालतं, विद्यार्थ्यांनीही तसंच चालावं. आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. मामा दाराशी उभे होते आणि रेघेकडे बघत होते.

मी टाळ्या ऐकत होतो आणि मला काही समजत नव्हतं. डोळे काढून ठेवले असते तरी गाडी सरळच गेली असती. ती रेघ बघून गेली की नुसतीच गेली हे सांगायला गाडीशिवाय कोणी नव्हतं.

चहासाठी सगळे ऑफिसकडे गेले तेव्हा मित्राचे वडील पुढे आले. खाकी कपडे, हातावर ग्रीस. डेपोतून तासाची सवलत काढून आले होते.

"झालं का दावून?"

"पहिला नंबर आला आबा," मित्र म्हणाला.

"ते ऐकलं म्या. सरळ तर काय, उतारावर सोडला तर टायर बी जातो. वळती का?"

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. आबांनी चपलेने रेघेचा शेवटचा भाग पुसला, कोपऱ्यातल्या घमेल्यातून मूठभर फक्की घेतली आणि रेघेला डावीकडे वळण दिलं. मामांनी दारातून ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

गाडी निघाली. सरळ भागावर सरळ आली, वळणाच्या तोंडाशी आली, आणि व्यवस्थित उजवीकडे वळून, सर नको म्हणाले तरी आलेल्या एका ज्वालामुखीच्या टेबलाखाली गेली.

मित्राचा चेहरा मला अजून आठवतो. आबा टेबलाखाली वाकले. गाडी उचलून आणली, पुन्हा तिथेच ठेवली, पुन्हा सोडली. ती पुन्हा त्याच जागी उजवीकडे वळली. मग त्यांनी वळणच पुसून सोडली. या वेळी ती कुठेही न वळता भिंतीपर्यंत गेली.

आबा उकिडवे बसले, गाडी उताणी केली आणि बोटाने एकेक तार चाचपली.

"उलट्या जोडल्यात. ही तिकडं, ती हिकडं. कुणी जोडल्या?"

"मी सकाळी बदलल्या होत्या," मी म्हणालो.

"मीपण," मित्र म्हणाला. "तू यायच्या आधी."

दोन दुरुस्त्यांनी मिळून पूर्वीची चूक पुन्हा जागेवर आणली होती. मित्र वडिलांच्या तोंडाकडे बघेना.

"चुकली," आबा म्हणाले. "पर जितं वळान तितंच चुकली. दोन्ही बारीला. वळान पुसलं तवा न्हाई वळली. म्हंजी हिला दिसतंय." त्यांनी गाडी खाली ठेवली. "जी कुठं बी बिघडती ती गाडी बेकार. ठरल्या जागी बिघडती ती दुरुस्त हुती. आन् तुजा तो फॉर्म कुठं हाय?"

"फॉर्म जूनमध्ये मिळतो आबा, निकाल लागल्यावर."

"मग जूनमदी आन. सही करतो म्हणालो ना."

तारा आम्ही त्याच वेळी बदलल्या, पण तोवर सेल संपले होते, आणि नवे सेल आणेपर्यंत मामांनी हॉल झाडून काढला होता.

जूनमध्ये निकाल लागला. आबांनी फॉर्मवर सावकाश, अक्षर न अक्षर लावून सही केली आणि सुट्टी काढून स्वतः मुलाला घेऊन पुण्याला गेले. पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र सोबत होतं. ते कोणी मागितलं नाही. प्रवेश मार्कांवर होता. इलेक्ट्रिकलच्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून त्याला सिव्हिल मिळालं.